गणपतमामा पूर्ण का होत नाहीत

एआय पात्राचं ‘कार्ड’ म्हणजे बरेचदा एक साधं पीएनजी चित्र असतं. दिसतो तो फक्त चेहरा, पण फाइलच्या पोटात मजकूर दडवलेला असतो: नाव, वर्णन, स्वभाव, प्रसंग, पहिला संवाद, नमुन्याचे संवाद. चित्र कुणाला पाठवलं की पात्रही पोचतं. सिलीटॅव्हर्नसारख्या प्रोग्रॅममध्ये ते उघडायचं, मागे एखादं भाषा-मॉडेल (चॅटजीपीटीच्या मागे असतं तसं, मजकूर तयार करणारं एआय) जोडायचं, की पात्र बोलायला लागतं. कॅरेक्टर एआयसारख्या साइटवर चित्राची भानगड नसते, सरळ फॉर्म भरायचा. रकाने थोड्याफार फरकाने तेच.

हे रकाने भरायला एक संध्याकाळ पुरते. तरीही हौसेने पात्रं बनवणारी माणसं एकेका पात्रावर आठवडेच्या आठवडे अडकतात. एक शब्द बदल, बोलून बघ, दुसरा बदल, पुन्हा बोलून बघ. अर्धवट पात्रांचा ढीग साठतो, प्रसिद्ध केलेल्या पात्रांकडे बघवत नाही, आणि एक दिवस सगळंच नकोसं होतं. यावरचा सल्ला ठरलेला: जरा विश्रांती घ्या, स्वतःवर फार ओझं टाकू नका. सल्ल्यात चूक काही नाही. पण विश्रांती घेऊन परत आल्यावर तोच खेळ पुन्हा सुरू होतो, कारण दुखणं माणसात जेवढं आहे तेवढंच या माध्यमाच्या रचनेत आहे. पात्र ‘पूर्ण झालं’ असं म्हणायची जागाच इथे नसते. का नसते, ते कळायला बॉट, म्हणजे असं बोलणारं पात्र, आतून कसा चालतो हे थोडं पाहावं लागेल.

कार्डातले मामा आणि पडद्यावरचे मामा

उदाहरणासाठी एक पात्र घेऊ. गणपतमामा: सांगोला डेपोतून निवृत्त झालेले एसटी कंडक्टर. अनोळखी माणसाला ‘पाव्हणं’ म्हणतात, सुट्ट्या पैशांवरून अजूनही चिडतात, आणि कुठलाही विषय शेवटी एखाद्या मुक्कामी गाडीच्या आठवणीपाशी नेऊन सोडतात. आपण त्यांचं वर्णन लिहिलं, पहिला संवाद लिहिला, चार-पाच नमुन्याचे संवाद दिले.

आता कुणीतरी त्यांना विचारतं, ‘मामा, पंढरपूरची गाडी गेली का?’ मॉडेलला मामा माहीत नसतात. काल काय बोलणं झालं, मिनिटापूर्वी काय झालं, तेही आठवत नसतं. प्रत्येक उत्तराच्या वेळी प्रोग्रॅम त्याच्यापुढे सगळं नव्याने मांडतो: आधी कार्डातलं वर्णन, मग आतापर्यंतच्या गप्पा, शेवटी हा ताजा प्रश्न. एवढं वाचून मॉडेल उत्तराचा पहिला तुकडा निवडतं, मग त्यापुढचा, मग त्यापुढचा. या तुकड्यांना टोकन म्हणतात. प्रत्येक टोकनापाशी अनेक शक्यता असतात, आणि त्यांतली एक थोडीशी नशिबावर सोडून उचलली जाते. ‘टेम्परेचर’ नावाची सेटिंग असते ती याचसाठी, नशिबाला किती वाव द्यायचा ते ठरवायला. म्हणून तेच कार्ड, तोच प्रश्न, आणि मामांचं उत्तर दर वेळी वेगळं.

एका वेळी मॉडेलपुढे किती मजकूर मांडता येतो यालाही मर्यादा आहे. तिला कॉन्टेक्स्ट म्हणतात. मेटाच्या पहिल्या लामा मॉडेलला ती २०४८ टोकनांची होती, जुलै २०२३ मधल्या लामा २ ला ४०९६, आणि पुढच्याच वर्षीच्या लामा ३.१ ला १ लाख २८ हजार. मर्यादा भरली की जुन्या गप्पा वरून गळायला लागतात. वर्णन टिकतं, कारण ते दर वेळी पुन्हा घातलं जातं. पहिला संवाद मात्र गप्पांचाच भाग धरला जातो, त्यामुळे गळणाऱ्यांत त्याचा नंबर पहिला. सिलीटॅव्हर्नमध्ये वेगळी सेटिंग केली नसेल तर नमुन्याचे संवादही जागा कमी पडायला लागली की बाहेर जातात. म्हणजे ज्या पहिल्या संवादातलं एकेक विशेषण घासूनपुसून बसवण्यात रात्री गेल्या, तो लांबलेल्या गप्पांत शिल्लकच नसतो.

त्याची सवय तेवढी मागे राहते. मॉडेल आधीच्या उत्तरांची नक्कल करत पुढे जातं. पहिला संवाद तीन परिच्छेदांचा असेल तर पुढची उत्तरंही ऐसपैस येतात. दोन ओळींचा असेल तर आखूड. त्यात आपण ‘तुम्ही दचकून मागे वळता’ असं लिहिलं असेल, तर समोरच्या माणसाच्या वतीने बोलायची परवानगी मॉडेलला मिळते, आणि मग ‘वापरकर्त्याच्या वतीने बोलू नकोस’ अशा दहा सूचना कार्डात घातल्या तरी ते ऐकत नाही. नमुना एक सांगतो आणि सूचना दुसरं, तेव्हा बहुधा नमुना जिंकतो. तेव्हा पहिल्या संवादावर मेहनत घ्यावीच, पण ती लांबी, बाज आणि कोण कुणाच्या वतीने बोलतंय यांवर. विशेषणांवर नको.

नाटककाराला यातलं बरंच काही ओळखीचं वाटेल. संहिता एकच, तरी रत्नागिरीचा प्रयोग वेगळा आणि दादरचा वेगळा. पण नाटकाला तालमी असतात, दिग्दर्शक असतो, आणि नटाला कालचा प्रयोग आठवत असतो. इथे नट दर उत्तराला नवा येतो, संहिता उभ्याउभ्या वाचतो आणि बोलायला लागतो. भरीस भर म्हणून प्रेक्षक खुर्चीतून उठतो, रंगमंचावर चढतो आणि दुसरी प्रमुख भूमिका करायला लागतो. अशा प्रयोगाची संहिता परिपूर्ण करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

जुन्या बॉटांची गोष्ट वेगळी होती. एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउमनी १९६६ मध्ये एलायझाबद्दल लिहिलं. त्यातला ‘डॉक्टर’ मानसोपचारतज्ज्ञासारखे प्रतिप्रश्न विचारायचा, पण त्याचं प्रत्येक उत्तर आधी लिहून ठेवलेल्या साच्यांतून यायचं. तिथे अचूकतेचा हट्ट धरणाऱ्याला निदान शेवट तरी होता: साचे तपासा, चुका काढा, झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये कॅरेक्टर एआय सर्वांसाठी खुलं झालं (गूगलमधून बाहेर पडलेल्या नोम शाझीर आणि डॅनिएल डी फ्रेटस यांनी ते सुरू केलेलं) आणि पात्र बनवणं कुणालाही जमण्यासारखं झालं. पण आता आपण लिहितो ती फक्त सुरुवात. उरलेलं मॉडेल आणि समोरचा माणूस मिळून लिहितात, आणि दर वेळी वेगळं लिहितात.

हट्टाचे तीन प्रकार

अचूकतेच्या या हट्टाला परफेक्शनिझम म्हणतात. त्याचे प्रकार असतात, आणि इथे तो फरक कामाचा आहे. पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये त्याची तीन तोंडं दाखवली. एक स्वतःकडून अचूकतेची अपेक्षा, दुसरी इतरांकडून, आणि तिसरी म्हणजे ‘लोकांना माझ्याकडून अचूकच हवंय’ असं मनाने घेणं.

पात्रं बनवणाऱ्यांत तिन्ही दिसतात. पहिल्यात माणूस मामांची जन्मतारीख, आवडती भाजी आणि १९८७ सालचा बदलीचा अर्ज लिहीत बसतो. दुसऱ्याचा रोख मॉडेलवर असतो: ‘एवढं स्पष्ट लिहिलंय, तरी याला कळत कसं नाही!’ तिसऱ्यात पात्र तयार होऊन पडलेलं असतं, पण ‘प्रसिद्ध करा’ हे बटण दाबायला हात धजत नाही. वाईट शेरा येईल, कुणी म्हणेल की यात काय नवीन.

तिसरा प्रकार सगळ्यांत जाचक. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१,६४१ कॉलेज विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती एकत्र करून पाहिली. तिन्ही प्रकार वाढलेले होते, पण हा तिसरा सर्वाधिक, सुमारे ३३ टक्क्यांनी. याच दोघांनी २०१६ मध्ये परफेक्शनिझम आणि बर्नआउट (कामाने येणारी पुरती दमणूक) यांच्यावरचे ४३ अभ्यास एकत्र तपासले होते. त्यातून निघालेली गोष्ट दिलासा देणारी आहे. उंच मापदंड ठेवण्याचा दमणुकीशी फारसा संबंध आढळला नाही. संबंध होता तो चुकीच्या धास्तीचा, ‘लोक काय म्हणतील’चा आणि स्वतःला सतत झोडपण्याचा. तेव्हा चांगलं पात्र बनवायची आस सोडायचं कारण नाही. काच करते ती धास्ती.

‘पुन्हा’ नावाचं बटण

धास्तीला खतपाणी घालणारं एक यंत्र या प्रोग्रॅममध्येच बसवलेलं आहे. उत्तर आवडलं नाही? रीजनरेट करा. स्वाइप करा. दुसरं येईल.

फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये बक्षिसांच्या वेळापत्रकांवर मोठं पुस्तकच लिहिलं. कबुतराने चोच मारल्यावर दाणा दर वेळी न मिळता कधी चौथ्या, कधी चाळिसाव्या टोचेला मिळाला, तर ते थकता थकत नाही, टोचतच राहतं. जुगाराच्या यंत्रांचं बळ यातच आहे. रीजनरेटचं बटणही अगदी याच तत्त्वावर चालतं, मग कुणी ते मुद्दाम तसं बनवलेलं असो वा नसो. अकरा उत्तरं सपक येतात आणि बाराव्याला मामा म्हणतात, ‘गाडी गेली, पाव्हणं. पर मागनं एक येतीया, तिचा डायव्हर माझा व्याही लागतो.’ आपण खुर्चीतून उठायचेच बाकी राहतो.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. ते बारावं उत्तर आपल्या डोक्यात मामांचं ‘खरं’ रूप बनतं. उरलेली अकरा म्हणजे बिघाड, आणि बिघाड आहे म्हणजे कार्डात काहीतरी चुकलंय, असा हिशेब मनात बसतो. वास्तविक ती बाराही उत्तरं त्याच कार्डातून आलेली असतात. बारावं थोडं नशिबाचं होतं. बारापैकी सर्वांत छान उत्तर प्रत्येक वेळी यावं अशी मागणी म्हणजे सरासरीने कमालीइतकं उंच व्हावं अशी मागणी. गणितातच बसत नाही ती.

मग आपण कार्ड वाढवतो. मामा सपक बोलतात? आणखी चार आठवणी घाला. बोली विसरतात? बोलीबद्दल परिच्छेद घाला. कार्ड फुगतं, गप्पांना जागा कमी उरते, आणि मॉडेलचं लक्ष फाटतं. स्टॅनफर्डमधल्या नेल्सन लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवलं की लांब मजकुरात सुरुवातीची आणि शेवटची माहिती मॉडेल बऱ्यापैकी वापरतं, मधली मात्र निसटते. त्यांचे प्रयोग प्रश्नोत्तरांचे होते, नाट्यसंवादांचे नव्हते. पण पात्रं बनवणाऱ्यांचा अनुभव त्याच्याशी जुळतो. वर्णनाच्या मध्यावर पुरलेला बदलीचा अर्ज कुणाच्या गप्पांत कधी वर येत नाही.

अंधश्रद्धाही याच वाटेने येतात. २०४८ टोकनांच्या काळात जागा वाचवायला लोकांनी पात्रवर्णनाच्या खास लेखनपद्धती काढल्या. त्यांतली ‘डब्ल्यू प्लस प्लस’ सर्वांत गाजली: सगळं वर्णन कंसांत आणि अवतरणचिन्हांत, संगणकाच्या कोडसारखं. गंमत अशी की ते कंस आणि चिन्हंही टोकन खातात. साध्या वाक्यांत लिहिलेलं वर्णन आजच्या मॉडेलला उत्तम कळतं, तरी कुणीतरी अजूनही रात्र जागून कंस जुळवत असतो.

मराठीतून पात्र करणाऱ्याची जास्तीची कसरत

इंग्रजीत पात्र करणाऱ्याला न पडणारे काही प्रश्न आपल्याला पडतात. पहिला जागेचा. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ हे मॉडेल आणलं तेव्हा एकच छोटा परिचय वेगवेगळ्या भाषांत किती टोकन खातो ते जाहीर केलं. जुन्या पद्धतीत इंग्रजीला २७ टोकन लागत होते, मराठीला ९६. नव्या पद्धतीत इंग्रजी २४ वर आली, मराठी ३३ वर. ही सुधारणा मोठी आहे, पण सगळी मॉडेलं ती पद्धत वापरत नाहीत. जुन्या धाटणीच्या मॉडेलवर मराठी कार्ड बघताबघता तिप्पट जागा अडवतं. अशा वेळी मामांची स्मरणशक्ती कमी पडते याचा दोष आपल्या लेखनाला देण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रश्न लिंगाचा. पहिल्या संवादात मामांना ‘कुठं निघालास?’ विचारायचं की ‘कुठं निघालीस?’ वाचणारा कोण आहे हे आपल्याला माहीत नसतं. मामांच्या बाबतीत सुटका होते, कारण ते अदबीने ‘कुठं निघालाय, पाव्हणं?’ असंच विचारतील. पण पात्र लंगोटीयार असेल, धाकटी बहीण असेल, तर ‘तुम्ही’ शोभणार नाही. मग दोन वेगळे पहिले संवाद लिहावेत. कार्डात पर्यायी संवादांसाठी रकाना असतो. पात्राचं स्वतःचं लिंगही घसरतं. आजीचं पात्र असतं आणि पाचव्या उत्तराला आजी म्हणते, ‘मी सांगतो ऐक.’ इथे ‘आजी स्त्री आहे’ असं वर्णनात ठासून लिहिण्यापेक्षा नमुन्याच्या संवादांत ‘मी गेले, मी म्हणाले, मी वाढते’ अशी रूपं भरपूर पेरली तर जास्त उपयोग होतो.

तिसरी गोष्ट बोलीची, आणि तिथे मी हात टेकलेलेच बरे असं म्हणेन. मॉडेलने वाचलेली मराठी मुख्यतः लेखी, बरीचशी बातम्यांची आणि भाषांतरांची. सांगोल्याकडची बोली ते काही वेळ सांभाळतं, मग हळूहळू प्रमाण मराठीवर येतं, आणि गप्पा पुरेशा लांबल्या की मामा ‘मी आपणास कशा प्रकारे सहकार्य करू शकतो?’ असं विचारतात. हा दोष कार्डाचा नाही. मॉडेलमध्ये जे नाही ते दीड पानाच्या वर्णनातून येणार कुठून?

पायाखालची जमीन

समजा, एवढं सगळं जमलं. मामा झकास बोलू लागले. मग साइटवाल्यांनी मागचं मॉडेल बदललं.

हे वारंवार होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये रेप्लिका या गप्पा मारणाऱ्या एआय सोबत्याच्या ॲपने प्रणयरंगी संभाषणांवर बंधनं आणली, तेव्हा आपला बॉट एका रात्रीत अनोळखी झाला असं वापरणारे सांगत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये जीपीटी-५ आलं तेव्हा चॅटजीपीटीतून जीपीटी-४ओ काढून टाकलं गेलं, आणि एवढी ओरड झाली की पैसे भरणाऱ्यांसाठी ते परत आणावं लागलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅरेक्टर एआयने १८ वर्षांखालच्या मुलांसाठी खुल्या गप्पा बंद केल्या. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ते हवंच होतं असं माझं मत आहे, पण ज्यांच्या पात्रांचे वाचक प्रामुख्याने त्या वयाचे होते त्यांचं अंगण रिकामं झालं हेही खरं. यांतल्या कशावरही कार्ड लिहिणाऱ्याचा काडीचा ताबा नसतो.

ताबा नसलेल्या गोष्टीवर अचूकतेचा हट्ट धरला की दमणूक ठरलेली. त्यात आकडे डोळ्यांपुढे नाचत असतात: किती गप्पा झाल्या, कितीजणांनी पात्र जपून ठेवलं. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या, चित्रं काढायची मनापासून आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं की चित्रं काढलीत तर प्रमाणपत्र मिळेल. ती मुलं पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रांकडे वळली. ध्यानीमनी नसताना प्रमाणपत्र मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती. आकड्यासाठी बनवलेल्या पात्रांचं असंच होतं. एक पात्र गाजतं, मग त्याच साच्याची आणखी पाच करावीशी वाटतात, सहाव्याच्या वेळी फॉर्म उघडायचाच कंटाळा येतो. आणि मूळ हौस एखाद्या विक्षिप्त कंडक्टरची होती, ती कुठे गेली ते कळत नाही.

याला बर्नआउट म्हणायचं का?

काटेकोर बोलायचं तर नाही. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये हा शब्द वापरला तो सेवाभावी दवाखान्यांत राबणाऱ्या माणसांबद्दल. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तो मोजायची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद आजार म्हणून न घेता नोकरी-व्यवसायातली अवस्था म्हणून घेतली, आणि आयुष्यातल्या इतर गोष्टींना हे नाव लावू नये असंही बजावलं. हौशी बॉटकारांना पगार नसतो. तांत्रिकदृष्ट्या ते बसत नाहीत.

पण मास्लाकने सांगितलेल्या तीन खुणा ओळखीच्या वाटतात का बघा. एक, गळून जाणं: फॉर्म उघडला की डोकं जड होतं. दोन, तुटक आणि कडवट होणं: ‘मामांना मोबाइल वापरता येऊ दे ना’ अशी कुणाची साधी सूचना आली तरी संताप येतो, वाचक म्हणजे कटकट वाटू लागतात. तीन, आपण केलेलं सगळं फोल वाटणं: शंभर लोक मामांशी हसतखेळत बोलले तरी आपल्याला फक्त ते ‘सहकार्य’वालं वाक्य आठवतं. पहिली खूण विश्रांतीने बरीच कमी होते. दुसरी आणि तिसरी तेवढ्याने जात नाहीत, कारण त्या कामाकडे बघायच्या पद्धतीतून आलेल्या असतात. आणि हे नकोसेपण बॉटांपुरतं न राहता झोप, भूक, माणसं या सगळ्यांत शिरलं असेल, तर विषय बॉटांचा राहिलेलाच नाही. डॉक्टरांशी बोलावं, किंवा केंद्र सरकारच्या टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करावा.

थांबायची रेघ आधी मारायची

हर्बर्ट सायमन हे नाव एआयच्या इतिहासात पहिल्या पानावर येतं. १९५६ मध्ये ॲलन न्यूएल आणि क्लिफ शॉ यांच्यासोबत तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्रॅम त्यांनी तयार केला. त्याच वर्षी त्यांनी एक वेगळीच कल्पनाही मांडली: खऱ्या जगात सर्वोत्तम पर्याय शोधत बसायला ना वेळ असतो ना माहिती, म्हणून शहाणा प्राणी ‘पुरेसं चांगलं’ म्हणजे किती ते आधी ठरवतो आणि तेवढं मिळालं की थांबतो. १९७८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच संशोधनासाठी. एआयच्या पहिल्या शिलेदारांपैकी एकाने एआय पात्रांच्या कारागिरांसाठी हे सांगून ठेवावं, हा योगायोग मला फार आवडतो.

इथे कळीचा शब्द ‘आधी’. गप्पा सुरू झाल्यावर पुरेसं काय ते ठरवता येत नाही, तोवर बाराव्या उत्तराची चटक लागलेली असते. लिहायच्या आधी मामांबद्दल तीन गोष्टी ठरवा, ज्या गेल्या तर ते मामा उरणार नाहीत. समजा: पाव्हणं म्हणणं, सुट्ट्या पैशांवरून चिडणं, विषय गाडीपाशी आणणं. जन्मतारीख त्यात नाही, बदलीचा अर्ज नाही. मग पाच-सहा ठरलेले प्रश्न लिहून ठेवा. एक नेहमीचा, एक रडवेला, एक भांडखोर, एक पूर्ण विषयाबाहेरचा, जसं की मामांना क्रिप्टोबद्दल विचारणं. प्रत्येक प्रश्न नव्या गप्पेत चार-पाच वेळा विचारा, रीजनरेट न करता, आणि जे येईल ते वाचा.

दोष एखाद्याच वेळी दिसला तर तो नशिबाचा. कार्डाला हात लावू नका. हा नियम पाळणं सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत जास्त रात्री वाचवणारा आहे. दोष जवळजवळ दर वेळी दिसत असेल तर तेच कार्ड दुसऱ्या मॉडेलवर चालवून बघा. तिथे दोष गायब झाला तर तो मॉडेलचा. कार्डात थोडी पाचर मारता येईल, पण बरा होणार नाही. तिथेही कायम राहिला तर मात्र आपलंच लेखन तपासायचं, आणि तपासताना आधी नमुन्याचे संवाद बघायचे, वर्णन नंतर. दुरुस्ती एका वेळी एकच करावी. एकदम पाच बदल केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि मग अंधश्रद्धा तयार होतात. बदलाआधी जुन्या कार्डाची प्रत ठेवावी हे सांगायला नकोच, तरी सांगतो.

मॉडेलकडूनच कार्ड लिहून घ्यायचा मोह थकलेल्या माणसाला होतो. लिहून घ्या हवं तर, पण एक लक्षात ठेवा: मॉडेल आपल्या सवयीची नावं आणि सवयीची वाक्यं त्यात ओततं, आणि मग तीच वाक्यं नमुना म्हणून पुन्हा वाचतं. सपकपणा दुप्पट होतो. मामांचा व्याही ड्रायव्हर आहे हे माणसालाच सुचावं लागतं.

ठरवलेल्या तीन गोष्टी त्या पाच-सहा प्रश्नांत बहुतेक वेळा टिकल्या की पात्र प्रसिद्ध करावं. उरलेले दोष लपवायची गरज नाही. कार्डात ‘निर्मात्याच्या टिपा’ असा एक रकाना असतो. तो मॉडेलला कधीच दाखवला जात नाही, फक्त पात्र उतरवून घेणारी माणसं वाचतात. त्यात सरळ लिहावं: मामा कुठल्या मॉडेलवर आणि कुठल्या महिन्यात तपासलेत, तीस-चाळीस संदेशांनंतर बोली सुटते, सुटली की सुट्ट्या पैशांचा विषय काढा, परत येते.